मामाचा अडकलेला कॉम्प्युटर आणि सोसायटीचे हिशोब : प्रकल्प नोंदी

कोथरूडला राहणारा माझा मामा ७१ वर्षांचा आहे. २४ फ्लॅटच्या त्यांच्या सोसायटीचा तो गेली अकरा वर्षं खजिनदार आहे. त्याचा कॉम्प्युटर २०१२ साली जुळवून घेतलेला : थर्ड जनरेशन आय-३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क आणि विंडोज ७. मेंटेनन्सच्या पावत्या, थकबाकी, सभांची इतिवृत्तं, सगळं त्यावर. ज्याच्या घरात असंच काही होऊन बसलं असेल त्याला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी रोजच्या रोज लिहून ठेवल्या. चुकाही लिहिल्या आहेत, कारण माझा निम्मा वेळ त्यांतच गेला.

रविवार, ३० जून २०२४

सकाळी मामीचा फोन. "तुझा मामा चार दिवस नीट जेवला नाहीये, काय झालंय सांगत नाही, तू ये." पालख्या आज पुण्यात येणार, त्यामुळे पेठांकडचे रस्ते बंद, पण कर्वेनगरातून कोथरूडला यायला त्याची अडचण नव्हती.

कॉम्प्युटर सुरू केला तर विंडोजचं बोधचिन्ह दिसून पुढे एक छोटी राखाडी चौकट आली. मजकुराचा अर्थ असा : हा कॉम्प्युटर सुरू होण्यासाठी पासवर्ड लागेल अशी रचना केलेली आहे, स्टार्टअप पासवर्ड टाका. नेहमीचं नावाचं चित्र आणि त्याखालची पासवर्डची रांग याच्याही आधी. मामाने कधीच पासवर्ड ठेवलेला नव्हता.

मग हळूहळू कळलं. बुधवारी, २६ तारखेला, पावत्या छापायच्या होत्या आणि प्रिंटर काही केल्या छापेना. मामाने प्रिंटर कंपनीचा टोल फ्री नंबर गूगलवर शोधला आणि वर आलेला पहिला नंबर लावला. तो कंपनीचा नव्हताच. पलीकडचा माणूस हिंदीत, अतिशय अदबीने बोलला, "सर, आपके सिस्टम में हैकर घुसा है" म्हणाला, एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवता येणारं ॲप) उतरवून घ्यायला सांगितलं, त्यावर दिसणारा नऊ आकडी नंबर विचारला आणि आत आला. पाऊण तास लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण दाखवले. 'आजीवन सुरक्षे'चे ९,४९९ रुपये मामाने डेबिट कार्डाने भरले, ओटीपीही वाचून दाखवला. लगेच आणखी २४,९९९ मागितले तेव्हा मामाला शंका आली. तो नाही म्हणाला. माणूस म्हणाला, "ठीक है सर, फिर आप कंप्यूटर चलाके दिखाइए." कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तो या चौकटीवरच थांबला.

पैसे मामाच्या पेन्शनच्या खात्यातले गेले, सोसायटीचे नाहीत. पण हिशोब सोसायटीचे. लेखापरीक्षण ३१ जुलैच्या आत पुरं व्हायला हवं, आणि आपल्या हातून हे घडलं हे कुणाला सांगायचं या विचाराने मामा चार दिवस गप्प बसून होता. शुक्रवारी एकटाच रिक्षात कॉम्प्युटरचा डबा घालून तो दुरुस्तीच्या एका दुकानात गेला होता. तिथे सांगितलं, फॉरमॅट करावा लागेल, ६०० रुपये, डेटा जाईल. मामा डबा तसाच परत घेऊन आला. या सगळ्या प्रकरणात कुणी केलेलं सर्वांत मोलाचं काम तेच आहे, असं मी त्याला आज तीनदा सांगितलं.

माझी पहिली चूक आजचीच. सकाळचे दोन तास मी त्या चौकटीशी झटत बसले. १२३४, मामाची जन्मतारीख, कंपन्यांची नावं, असे साठेक पासवर्ड टाकून पाहिले. बँकेला फोन दुपारी केला. क्रम उलटा हवा होता. कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, सगळं त्या माणसाकडे चार दिवस होतं. कार्ड बंद केलं, नेट बँकिंग बंद केलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. वीस मिनिटांचं काम. मामाचा फोन साधा बटणांचा आहे, त्यामुळे फोनवर काही उतरवून घेतलेलं नाही, ही एक चिंता कमी.

रात्री वाचत बसले. या चौकटीमागे 'सिसकी' नावाची विंडोजची जुनी सोय आहे. खात्यांचे पासवर्ड ज्या सॅम नावाच्या फाइलमध्ये असतात ती आणखी एका किल्लीने कुलूपबंद करायची सोय. ठगाने तिथे स्वतःचा पासवर्ड घातला, एवढंच. म्हणजे फोटो, पत्रं, हिशोब यांना त्याने हात लावलेला नाही. दार बंद आहे, कपाटं उघडीच आहेत. विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ च्या शेवटापासून, मायक्रोसॉफ्टने सिसकी काढून टाकली. त्यामुळे नव्या कॉम्प्युटरवर ही चौकट दिसणार नाही. विंडोज ७ वर ती आहेच.

सोमवार, १ जुलै

अर्धी रजा. आधी बँकेची शाखा, मग शिवाजीनगरचं सायबर पोलीस ठाणं. दोन्हीकडे मामा स्वतः बोलला, मी शेजारी उभी होते.

पैशांबद्दल खोटी आशा नको म्हणून स्पष्ट लिहिते. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. त्यात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच बोजा नाही असं आहे, पण ते चूक ग्राहकाची नसेल तेव्हा. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे ९,४९९ बहुधा गेले. पण रविवारी फोन केल्यानंतर काही गेलं असतं तर ते मामाच्या डोक्यावर नसतं. कळवायला लाजण्याची किंमत अशी दिवसांत मोजली जाते.

आजपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आपलं प्रकरण २६ जूनचं, म्हणून फसवणुकीसाठी जुन्या दंड संहितेचं कलम ४२० आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड. अर्जासोबत बँकेचं स्टेटमेंट, फोन केलेला नंबर, वेळ आणि चौकटीचा फोटो दिला. फोटो काढून ठेवला होता हे बरं झालं.

मंगळवार, २ जुलै

ठरवलेला नियम : मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही. आधी तिची संपूर्ण नक्कल, मग प्रयोग नकलेवर.

३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला, ३८० रुपये. माझ्या लॅपटॉपवर त्यात लिनक्स मिंट भरलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी एक मोफत प्रणाली. मामाचा कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून सुरू केला की विंडोजला न जागवता डिस्क वाचता येते. बूट मेन्यूसाठी कुठलं बटण ते सापडायला अर्धा तास गेला. या मदरबोर्डवर एफ-१२ निघालं. मिंट उघडल्यावर मामाच्या फोल्डरांची नावं पडद्यावर दिसली, 'सोसायटी २०१३-१४'पासून पुढे. मामा खुर्ची ओढून जवळ बसला.

नकलेसाठी डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरला. साध्या कॉपीपेक्षा ते बरं, कारण जुन्या डिस्कवर वाचता न येणारी जागा लागली तर ते तिथे अडून न बसता पुढे जातं आणि तिच्याकडे नंतर वळतं. माझ्या घरातली १ टीबीची बाहेरची डिस्क लावली, आज्ञा दिली. दोन-अडीच मिनिटांत थांबलं : फाइल फार मोठी आहे.

चूक क्रमांक दोन. ती डिस्क मी कधीकाळी टीव्हीला लावायला म्हणून फॅट-३२ करून ठेवली होती. फॅट-३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, आणि इथे ५०० जीबीची एकच फाइल बनायची होती. डिस्कवर माझ्या लेकीचे शाळेचे व्हिडिओ होते, ते आधी लॅपटॉपवर उतरवायला लागले. साडेअकरा वाजले. घरी.

गुरुवार, ४ जुलै

काल रात्री डिस्क एक्स्ट-४ या रचनेत करून ठेवली, तिथे फाइलच्या आकाराची ती अडचण नाही. आज ऑफिसला जाण्याआधी सकाळी आठला मामाकडे जाऊन नक्कल सुरू केली. डिस्क डब्याच्या पुढच्या खाचेत लावली, वेग सेकंदाला २८ एमबी. म्हणजे पाच तास. म्हटलं, चालेल, दुपारपर्यंत होईल.

दहा वाजता मामाचा फोन : लाइट गेले.

आज गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार, इथे जन्म काढून मी तो विसरले. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली. डीडीरेस्क्यू एक नकाशा-फाइल लिहीत जातं, कुठवर वाचून झालं त्याची. ती असली की राहिलेल्या जागेपासून पुढे सुरू करता येतं. मी ती फाइल डेस्कटॉपवर ठेवली होती. पेनड्राइव्हवरून चालवलेल्या मिंटचा डेस्कटॉप रॅममध्ये असतो. वीज गेली, नकाशाही गेला. दोन तासांचं काम पुन्हा पहिल्यापासून.

नकाशा-फाइल बाहेरच्या डिस्कवर, नकलेच्याच शेजारी ठेवायची. हे मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरला चिकटवलं आहे.

संध्याकाळी डबा फिरवला तेव्हा मागे दोन निळ्या खाचा दिसल्या. निळी म्हणजे यूएसबी ३. तिथे लावल्यावर वेग ८५ एमबी झाला आणि पुरी डिस्क एक तास चाळीस मिनिटांत उतरली. सकाळी मागे वाकून पाहिलं असतं तर लाइट जायच्या आत काम संपलं असतं. ४ केबी जागा वाचता आली नाही, बाकी सगळं आलं. बारा वर्षं चाललेल्या डिस्कसाठी फारच चांगलं.

मूळ डिस्क काढली, कागदात गुंडाळली, वर तारीख घातली. मामीने ती देवघराखालच्या कपाटात ठेवली.

शुक्रवार, ५ जुलै

नक्कल फक्त वाचण्यापुरती उघडली. फोटो, इतिवृत्तं, एक्सेलच्या फाइली सगळ्या धड. दुसऱ्या पेनड्राइव्हवर आणि माझ्या लॅपटॉपवर प्रती केल्या. कुणाला एवढंच हवं असेल तर त्याचं काम इथे संपलं. नवीन विंडोज टाकायचं, फाइली परत ठेवायच्या.

आमचं संपलं नाही. पावत्या आणि खतावणी एका जुन्या हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये आहेत. बनवणाऱ्याने धंदा बंद करून सात वर्षं झाली, सीडी सापडत नाही, नोंदणी त्याच विंडोजमध्ये अडकलेली. डेटाची फाइल हातात आहे पण उघडणारा प्रोग्रॅम नाही. म्हणजे तेच विंडोज निदान एकदा सुरू व्हायला हवं.

शनिवार, ६ जुलै

पालख्या पुढे गेल्या, रस्ते मोकळे. तपकीर गल्लीत जाऊन जुन्या हार्डडिस्कच्या जागी लावायला ४८० जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, घेतली, ३,१०० रुपये. घरी आल्यावर चूक क्रमांक तीन समजली. जुन्या डिस्कवर ५,००,१०,७८,६२,०१६ बाइट आहेत. ४८० जीबीमध्ये ते मावत नाहीत. आतला बराचसा भाग रिकामा असला तरी नक्कल अखंड डिस्कची आहे. विभाग आवळून बसवता आली असती, पण जिथे एकच गोष्ट दुरुस्त करायची आहे तिथे दुसरी हलवायची नाही असं ठरवलं.

रविवार, ७ जुलै

दुकान सोमवारी उघडणार. आज कॉम्प्युटरला हात लावला नाही, मामाशी बोलले.

त्याच्या मनात एक गोष्ट रुतून बसली होती. त्या माणसाने एक लांबलचक नंबर आधी फोनवर वाचून दाखवला होता, आणि मग मामाच्याच पडद्यावर तोच काढून दाखवला. "आमच्याकडे तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर आहे, बघा जुळतो का." जुळला. मामा म्हणाला, "अगं, माझाच नंबर त्याच्याकडे होता, मग विश्वास कसा ठेवणार नाही?"

मी माझा लॅपटॉप उघडला. काळ्या खिडकीत 'असॉक' ही आज्ञा दिली. वरून धावत गेलेल्या यादीच्या शेवटी झेडएफसेंडटूटार्गेट असं नाव आणि पुढे महिरपी कंसात ८८८डीसीए६०ने सुरू होणारा नंबर. मामाने त्या दिवशी एका पावतीच्या मागे तो लिहून घेतला होता. दोन्ही शेजारी ठेवले. अक्षर न् अक्षर तेच. मग मामेभावाला फोन करून त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर पाहायला लावलं. तोच. 'सेंड टू' मेन्यूत झिप फोल्डरचा जो पर्याय असतो त्याची ती अंतर्गत खूण आहे, जगातल्या प्रत्येक विंडोजवर सारखीच. लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोणही तसेच. ती इव्हेंट व्ह्यूअरची, म्हणजे विंडोज स्वतःच्या बारीकसारीक घडामोडी नोंदवतं त्याची यादी, निरोगी कॉम्प्युटरवरही शेकड्यांनी असते. माझ्या लॅपटॉपवर मामाच्या डोळ्यांसमोर उघडून दाखवली.

मामाने पावती उलटीसुलटी करून बघितली आणि खिशात ठेवली. रात्री दोन पोळ्या जास्त जेवला, असं मामीने कळवलं. या सगळ्या दिवसांतला हा एक दिवस तंत्राचा नव्हता, पण वाया गेला असं मी धरत नाही. घरातल्या माणसाला "तुला कळलं कसं नाही" असं विचारण्याआधी हा नंबर दाखवा. ज्याने फसवलं त्याची तयारी केवढी होती ते त्यावरून कळतं.

सोमवार, ८ जुलै

एसएसडी बदलून ५०० जीबीची घेतली. वर ४०० भरले. एकूण ३,५००. बाइट मोजून घेतले, जुन्या डिस्कइतकेच. डिस्क जोडायची साटा केबल १२०.

मंगळवार, ९ जुलै

नक्कल एसएसडीवर उतरवली. मूळ डिस्क कपाटातच, कारण एकसारख्या दोन डिस्क एकाच वेळी लागल्या की विंडोज त्यांच्या ओळखीत गोंधळतं.

पहिला प्रयत्न सरळ मार्गाने : विंडोज ७ ची सीडी, 'रिपेअर', सिस्टिम रिस्टोअर. विंडोज मागच्या तारखेला नेता यावं म्हणून साठवलेला एकही रिस्टोअर पॉइंट नाही. ठगाने पुसले असणार, ही मंडळी सरावलेली असतात.

दुसरा मार्ग : विंडोजच्या आत सिस्टिम-३२, त्यात कॉन्फिग, त्यात रेगबॅक. विंडोज ७ दर दहा दिवसांनी रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीच्या, पाच मुख्य फाइलींची प्रत तिथे ठेवतं. सॅम, सिक्युरिटी, सॉफ्टवेअर, सिस्टिम, डिफॉल्ट. मिंटमधून उघडलं आणि आधी आकार पाहिले. शून्य केबी दिसलं असतं तर हा मार्ग बंद होता. ज्यांच्याकडे विंडोज १० ची १८०३ किंवा नंतरची आवृत्ती आहे त्यांनी इथे आशा ठेवू नये, तिथे ही प्रत आपोआप होणं थांबवलेलं आहे. आमच्या पाचही फाइली भरलेल्या होत्या, तारीख २१ जून. फसवणुकीच्या पाच दिवस आधीची. रिस्टोअर पॉइंट पुसणारा इथे पोचला नव्हता.

मग चूक क्रमांक चार, घाईची. पासवर्ड सॅममध्ये असतात हे वाचलेलं, म्हणून फक्त सॅम बदलली. सुरू केलं, तीच राखाडी चौकट. वाईट वाटलं. मामा काही बोलला नाही, चहा करायला उठला.

बुधवार, १० जुलै

काल का झालं नाही ते आज दुपारी कळलं. सुरू होताना पासवर्ड विचारायचा की नाही, ही नोंद सॅममध्ये नसते, सिस्टिम नावाच्या फाइलमध्ये असते. आणि किल्ली त्या तीन-चार फाइलींत गुंफलेली असते, म्हणून पाचही एकाच तारखेच्या हव्यात. एक नवी एक जुनी असं चालत नाही.

संध्याकाळी कॉन्फिगमधल्या पाचही फाइली 'अडकलेल्या' नावाचं फोल्डर करून त्यात हलवल्या, पुसल्या नाहीत. रेगबॅकमधून पाचही आणून ठेवल्या. पेनड्राइव्ह काढला, सुरू केलं.

बोधचिन्ह आलं. मामी स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. चौकट आली नाही. मामाच्या नातवाचा फोटो असलेला डेस्कटॉप आला, सात वाजून बावीस मिनिटांनी. मामाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी शाळेत असताना ठेवायचा तसा.

नेटची केबल मी आधीच काढून ठेवली होती. ती पुन्हा या विंडोजला लागणार नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपलेला आहे.

शुक्रवार, १२ जुलै

हिशोबाचा प्रोग्रॅम उघडला. अकरा वर्षांची खतावणी, सभासदवार येणं, सगळं एक्सेलमध्ये काढून घेतलं. चार तास लागले कारण प्रोग्रॅम एका वेळी एकाच वर्षाची यादी देतो. २१ ते २६ जून या काळातल्या सात पावत्यांची भीती होती. त्याही होत्या. रजिस्ट्री पाच दिवस मागे गेली, डेटा मागे गेला नाही.

मग ठगाच्या खुणा. एनीडेस्क कायमस्वरूपी बसवलेलं आणि कुणी समोर नसतानाही आत येता यावं असा पासवर्ड घातलेला. एक खुलासा करते, हे ॲप स्वतः वाईट नाही, कितीतरी ऑफिसांत वापरतात. पण त्याच्या अशा वापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. प्रोग्रॅमडेटामधल्या त्याच्या फोल्डरात कनेक्शन-ट्रेस नावाची मजकुराची फाइल असते, कुठला नंबर कधी आत आला त्याची. २६ जूनच्या दोन ओळी सापडल्या. फाइल जशीच्या तशी उतरवून पोलिसांत दिलेल्या अर्जाला जोडायला दिली. फॉरमॅट झालं असतं तर हा पुरावाही गेला असता.

ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड चोरीला गेले असंच धरलं. मामीच्या मोबाइलवरून एकेक बदलले. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांच्या चाव्या तिथे येतात. ईमेलमध्ये अनोळखी उपकरण, दुसरीकडे पत्रं वळवणारा नियम, परका रिकव्हरी नंबर, तिन्ही तपासलं. काही नव्हतं.

रविवार, १४ जुलै

एसएसडी पुसून लिनक्स मिंट कायमचं बसवलं. विंडोज ११ या कॉम्प्युटरला झेपणारं नाही आणि नवीन घ्यायचे पैसे मामाला खर्चायचे नाहीत. हिशोब आता लिब्रे ऑफिसच्या कॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये.

मराठीची अडचण आली. जुन्या नोटिसा युनिकोडच्या आधीच्या फाँटात आहेत, त्या इथे नुसत्या चिन्हांच्या रांगा दिसतात. गेल्या तीन वर्षांच्या बदलून घेतल्या, बाकीच्या छापील प्रती फाइलला आहेतच. युनिकोड टायपिंग मामाला नवीन. जोडाक्षरांना दीड तास लागला, त्यात 'क्ष' आणि 'ज्ञ' सर्वांत छळणारे.

आणि प्रिंटर. ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं तो. मिंटने आपोआप ओळखला आणि पहिला कागद छापून दिला. प्रिंटर बिघडलेलाच नव्हता. शुक्रवारी विंडोजमध्ये पाहिलं तेव्हा छपाईच्या रांगेत २५ जूनचा एक अर्धवट कागद अडकून पडलेला दिसला होता, मागचे सगळे त्याच्यामुळे थांबलेले. रांग रिकामी केली असती तर पाच मिनिटांचं काम. मी हे मामाला सांगावं की नाही असा विचार करत होते. सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या वेळी ते कसं करायचं ते दाखव."

आजपर्यंतचा खर्च : एसएसडी ३,५००, दोन पेनड्राइव्ह ७६०, केबल १२०. ४,३८० रुपये. माझे एकेचाळीस तास, त्यातले सोळा चुकांचे. गेलेले ९,४९९ वेगळे.

शनिवार, २० जुलै

वरच्या मजल्यावरच्या काकू घाबरून खाली आल्या. लॅपटॉपवर पडदाभर लाल सूचना, भोंगा वाजतोय, खाली फोन नंबर. विंडोज ११. हे कुलूप नव्हतंच, ब्राउझरचं पडदाभर पसरलेलं एक पान होतं. एस्केप बटण काही सेकंद दाबून धरलं, पान लहान झालं, बंद केलं. ब्राउझरने "आधीची पानं परत उघडू का" विचारलं तर नाही म्हणायचं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. काकूंनी नंबर लावलेला नव्हता. हे सगळं त्यांना मामाने समजावलं, मी फक्त बटण दाबलं.

शुक्रवार, २६ जुलै

लेखापरीक्षक काल येणार होते. काल शहरात पावसाने हाहाकार केला, सिंहगड रस्त्याला घरांत पाणी शिरलं, कुणीच बाहेर पडलं नाही. आज आले. अकरा वर्षांच्या याद्या पाहून म्हणाले, इतक्या सुटसुटीत आधी कधी दिल्या नव्हत्या. एक तफावत निघाली, ३०० रुपयांची, आणि ती २०१९ ची.

रविवार, ४ ऑगस्ट

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. कमिटीची बैठक त्याआधी. सभासदांचे फोन नंबर, काहींचे खाते क्रमांक त्या कॉम्प्युटरवर होते, ते त्या माणसाने पाहिलेले असू शकतात, म्हणून सांगायला हवं, असं मी मामाला महिनाभर कसं म्हणावं हेच ठरवत होते. म्हणायची वेळ आली नाही. आज गेले तेव्हा बैठकीची नोटीस त्याने टाइप करून ठेवली होती, युनिकोडमध्ये, स्वतः. विषय क्रमांक १ मागील इतिवृत्त, २ लेखापरीक्षण अहवाल, ३ गच्चीची गळती. विषय क्रमांक ४ : खजिनदारांच्या संगणकावर दि. २६ जून रोजी झालेल्या फसवणुकीची माहिती आणि सभासदांनी घ्यावयाची काळजी.

'खजिनदारांच्या' मधला अनुस्वार राहिला होता, तो मी दाखवला. मामाने दुरुस्त केला, २४ प्रती छापल्या, मोजल्या आणि चपला घालून जिना चढायला लागला.